मध्यस्थीत मुलाचा शब्द

आईबाप विभक्त झाले म्हणजे घरदार, भांडीकुंडी, दागदागिने यांची वाटणी होऊ शकते. मुलाची होऊ शकत नाही. तरीही मूल कोणापाशी राहावे याचा विचार चालला असता त्या मुलालाच कित्येकदा कोणी विचारीत नाही.

कायद्याची दृष्टी मात्र अधिक उदार आहे. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाच्या १७ व्या कलमान्वये, समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मूल मोठे असल्यास न्यायालयाला त्या पसंतीचा विचार करता येतो. १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने दाव्याच्या आरंभीच समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरविले आणि साहाय्यासाठी समुपदेशकांची योजना केली. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे १२ वे कलम मुलाच्या मताला वय व समज पाहून महत्त्व देण्यास सांगते. भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली.

परंतु मुलाचे ऐकणे म्हणजे त्याला निवड करावयास लावणे नव्हे. ‘तुला आई हवी की बाबा?’ या प्रश्नाने मोठ्यांच्या भांडणाचा निवाडा कोवळ्या खांद्यांवर येतो. एकाचे नाव घेतले की दुसऱ्याचा आपण घात केला, असे मुलाला वाटते. म्हणून जाणता मध्यस्थ आईबापांना बाहेर बसवून साध्या दिनक्रमाविषयी विचारतो : शाळेत कोण पोचविते, अभ्यास कोठे होतो, सुटी कशी जावी. मग ‘माझी शाळा बदलू नका’, ‘रविवारी आजीकडे जाऊ द्या’ असे बोल निघतात. तडजोडीला खरा आधार त्यांचाच. यातील काय आईबापांना सांगावे, हेही मुलालाच विचारलेले बरे. निर्णय मोठ्यांनी घ्यावा, व तो तसा का घेतला हेही मुलाला समजावून द्यावे.

येथे शिक्षकाचे स्थान नाजूक आहे. हजेरी घटली, गृहपाठ राहू लागला, तर त्याने मुलाला वर्गासमोर न विचारता एकांतात धीर द्यावा. एका पक्षाचे निरोप दुसऱ्याकडे नेऊ नयेत. मुलाच्या तोंडी शब्द घालू नयेत. न्यायालयाने विचारल्यास जे स्वतः पाहिले तेवढेच सांगावे. मारहाणीची वा भीतीची गोष्ट कळल्यास मात्र ती समेटावर न सोपविता १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर त्वरित कळवावी.

घर दुभंगले तरी शाळा अखंड राहते. तेथे मुलाला आपला शब्द निर्भयपणे उच्चारता आला, तर मध्यस्थापुढेही तो उमटेल.