पुलाआधीची आणि पुलानंतरची फेरीबोट

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या रहिवाशांना 2018 मध्ये मजेंटा मार्गावरची मेट्रो मिळाली. यमुना मात्र त्यांच्या रोजच्या प्रवासात फक्त पुलावरून दिसते. 2016 च्या कायद्याने ती राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 110 ठरली, तरी कचेरी गाठायला नोकरदारांना नदीचा उपयोग नाही. उथळ पात्र आणि मैलापाणी या खऱ्या अडचणी आहेत.

गोव्यात चित्र वेगळं आहे. दिवाडी बेटाला पूल नाही. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीनेच जायचं. बोट टेकते, पुढची लोखंडी फळी खाली येते, आधी दुचाक्या घरंगळत उतरतात, मागून मोटारी, टोपल्या घेतलेल्या बाया आणि शाळकरी पोरं.

5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा पणजी आणि बेती यांच्यामधली वर्दळ फेरीबोटींनी सांभाळली. पूल झाले की बोटी मोडीत काढायच्या, हा विचार किती घातक, हे त्या वर्षी कळलं.

कोचीने पुढचं पाऊल टाकलं. एप्रिल 2023 पासून तिथे बॅटरीवर चालणाऱ्या वॉटर मेट्रोच्या बोटी बेटं शहराशी जोडतात. गोव्याला गेलात, तर दिवाडीची फेरीबोट जरूर पकडा.