घोड्यावरचं बिऱ्हाड



दिवाळी सरली, की पुरंदर, बारामती, फलटण, माळशिरस या भागांतल्या धनगरवस्त्या हलू लागतात. देशावरच्या या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटर पाऊस पडतो आणि कार्तिक संपेपर्यंत माळावरचं गवत करडं पडतं. सह्याद्रीच्या पलीकडे मात्र भाताची कापणी उरकलेली असते, खाचरं मोकळी असतात, बांधावर अजून हिरवं उरलेलं असतं. कोकणातला अडीच-तीन हजार मिलिमीटरचा पाऊस दख्खनी मेंढीला सोसत नाही. सततच्या ओलीत तिचे खूर कुजतात. म्हणून पाऊस गेल्यावर घाट उतरायचा आणि पुढचा पाऊस यायच्या आत पुन्हा वर यायचं, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे.

ही वाटचाल म्हटली, की डोळ्यांपुढे मेंढरं येतात आणि खांद्यावर घोंगडी टाकलेला मेंढका येतो. पण मेंढरांचं खांड रानातून चरत जात असताना दुसरी एक रांग रस्त्याने चाललेली असते. चार-सहा तट्टं, त्यांच्या पाठीवर सगळा संसार, आजूबाजूला कुत्री आणि तट्टांच्या दोऱ्या हातात धरलेल्या बायका. आजचं बोलणं या दुसऱ्या रांगेबद्दल आहे.

वाड्यावर, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कुटुंबांच्या तळावर, दिवस उजाडण्याच्या आधी सुरू होतो. डिसेंबर-जानेवारीत देशावर पहाटेचा पारा 10 अंशांच्या खाली उतरतो. तीन दगडांची चूल पेटते, भाकरी थापली जाते. मेंढरं मात्र वाघरीतच असतात. वाघर म्हणजे मेंढरांभोवती रात्री उभी करायची जाळी. दहिवर उडेपर्यंत मेंढरं बाहेर काढायची नाहीत, हा जाणत्यांचा नियम आहे आणि तो पक्क्या निरीक्षणावर उभा आहे. पोटातल्या जंतांच्या अळ्या ओल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात. ऊन तापलं, पातं वाळलं, की खाली उतरतात. तेवढा वेळ कळ काढली, तर जंताचा त्रास कमी होतो.

तट्टांचं तसं नाही. पायकूट घालून सोडलेली तट्टं रात्रभर आसपास चरत असतात. पहाटे ती शोधून आणायची, हे बहुधा घरातल्या पोरासोरांचं किंवा बाईचं काम. घोड्याचं पोट गाईसारखं चार कप्प्यांचं नसतं. जठर लहान, वैरणीचं खरं पचन होतं ते मागच्या मोठ्या आतड्यात, जिवाणूंच्या आंबवण्याने. त्यामुळे घोड्याला एकदम पोटभर खाऊन चालत नाही, थोडंथोडं पण सतत खावं लागतं. मोकळं सोडलं तर दिवसाचे चौदा-सोळा तास तो चरण्यातच घालवतो. या आंबवण्यातून उष्णताही तयार होते, म्हणजे पोटातली शेगडीच म्हणा. थंडीच्या रात्री मूठभर धान्यापेक्षा कडब्याची पेंढी किंवा बाजरीचं सरमाड जास्त ऊब देतं, ते यामुळे. वाटेत साखर कारखान्यांचा पट्टा लागला, की उसाचं वाढं मिळतं. ते जनावरं आवडीने खातात, पण त्यात ऑक्झलेट असतं आणि ते शरीरातलं कॅल्शियम अडवतं. रोज नुसतं वाढंच घातलं तर हाडं कमकुवत होतात. म्हणून त्याच्या जोडीला दुसरी वैरण हवीच.

हिवाळ्यात घोड्याच्या अंगावर दाट लव येते. ती थंडी वाजली म्हणून येत नाही. दिवस लहान होऊ लागले, की डोळ्यांतून मेंदूला तशी खूण मिळते आणि केस वाढू लागतात. डिसेंबरच्या अखेरीस दिवस पुन्हा मोठा व्हायला लागला, की केस सुटायला सुरुवात होते आणि महाशिवरात्रीच्या सुमारास खरारा केला तर हाताला केसांचे पुंजके लागतात. गार वाऱ्यात हे केस उभे राहतात, त्यांच्यामध्ये हवा कोंडली जाते आणि तीच जनावराचं पांघरूण होते. हे पांघरूण कोरडं राहिलं पाहिजे, एवढंच माणसाने बघायचं. सगळ्यांत जपायचं ते ओझ्याखाली घामेजलेल्या पाठीला. बिऱ्हाड उतरवल्यावर ती ओली पाठ गार वाऱ्यात तशीच सोडून चालत नाही.

थंडीतलं दुसरं संकट पाण्याचं. गारठलेलं पाणी घोडं कमी पितं. वर वैरण कोरडी. आतड्यात ती घट्ट बसली, की पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत अडकलेलं बाहेर पडायला एकच वाट असते. रस्त्याच्या कडेला, डॉक्टरांपासून दूर, शूळ उठलेलं तट्टू म्हणजे त्या घरावर कोसळलेला डोंगरच. ऊन चढल्यावर तट्टांना आठवणीने पाण्यावर नेणं ही म्हणून हिवाळ्यातली फार मोठी जबाबदारी आहे.

आता बिऱ्हाड लादण्याची गोष्ट. भांडी, धान्याची पोती, पालाचं कापड, घोंगड्या, कोंबड्यांचं डालं, रात्री जन्मलेली कोकरं आणि कधीकधी सगळ्यांच्या वर एखादं चालायला न शिकलेलं मूल. पाठीवर आधी जुनं गोणपाट, घोंगड्याच्या घड्या, मग ओझं. दोन्ही बाजूंचं वजन सारखं लागतं. एका बाजूला झुकलं, की दोर घासतो, कातडं सोलवटतं आणि त्या जखमेवर माशा बसतात. घोड्याच्या जातीला धनुर्वाताचा धोका फार मोठा. खुरात घुसलेला लहानसा खिळाही जीव घेऊ शकतो. हे वजन बायका कुठल्याही काट्यावाचून, हाताच्या अंदाजाने जुळवतात, भल्या पहाटे, बोटं गारठलेली असताना. घोडा पोसणं हे कसबाचं काम मानलं जातं आणि त्याचं श्रेय मोतद्दाराला, नालबंदाला मिळतं. या बायकांना तसं नाव कुणी दिलेलं नाही.

कुत्र्यांची विभागणी ठरलेली असते. काही मेंढरांमागे, काही बिऱ्हाडासोबत. रात्री सगळी वाड्याच्या कडेने पसरतात. देशावरच्या माळरानात लांडगा आहे, आणि थंडीच्या दिवसांतच लांडग्यांची पिल्लं जन्माला येतात, म्हणजे त्यालाही भक्ष्याची गरज जास्त. कुत्र्याचं पिल्लू कोकरांच्या संगतीत वाढलं, तरच ते मोठेपणी खांडाला आपलं मानतं. खायला भाकरी, कधी दूध.

कुत्र्याची निगा नीट राखली नाही, तर फटका मेंढीला बसतो, हे मात्र सविस्तर सांगायला हवं. कुत्र्याच्या आतड्यात एक प्रकारचा पट्टकृमी राहतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात आणि मेंढीच्या पोटात जातात. मग अळी मेंदूपर्यंत पोचते आणि तिथे पाण्याने भरलेला फोड तयार होतो. मेंढी एकाच बाजूला गोल गोल फिरत राहते, खाणं सोडते, शेवटी मरते. अशा मेंढीचं डोकं कुत्र्यापुढे टाकलं, की चक्र पुन्हा सुरू! ते तोडायचं तर डोकं पुरायचं किंवा जाळायचं, आणि कुत्र्याला वेळच्या वेळी जंताचं औषध द्यायचं. रेबीजची लसही तितकीच गरजेची. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावाही अलीकडे मिळाला आहे. वाड्यावरच्या आणि गावातल्या कुत्र्यांची लस, नसबंदी हा त्यामुळे माळरानावरच्या लांडग्याच्याही भवितव्याचा प्रश्न झाला आहे.

ही तट्टं कोणती? ही भीमथडीची. भीमेच्या खोऱ्यातली, काटक, कमी चाऱ्यावर भागवणारी. मराठ्यांच्या घोडदळाचा कणा असलेली.  घोड्यांच्या जगात 148 सेंटिमीटरपर्यंतच्या जनावराला पोनी म्हणतात. भीमथडी त्याहून बरंच बुटकं. लढाया संपल्या, पागा मोडल्या, आणि ही जात नामशेष झाली असं पुस्तकांतून मानलं जाऊ लागलं. ती नामशेष झाली नव्हती. ती धनगरांचं बिऱ्हाड वाहत होती. काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय पातळीवर भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. मारवाडी, काठियावाडी, स्पिती, झंस्कारी, भुतिया, मणिपुरी आणि कच्छी-सिंधी यांच्यानंतरची ही देशातली आठवी नोंद. महाराष्ट्राने 2023 मध्ये स्वीकारलेल्या राज्यगीतातही या तट्टांचा उल्लेख आहे.

नोंद झाली, हे फार चांगलं झालं. पण गौरवाने वैरण येत नाही. 2019 च्या पशुगणनेत देशभरातले घोडे आणि तट्टं मिळून सुमारे 3 लाख 40 हजार भरली. 2012 च्या तुलनेत ही घट 45 टक्क्यांहून जास्त आहे. राज्याच्या महामेष योजनेत 20 मेंढ्या आणि एक नर असा गट 75 टक्के अनुदानावर मिळतो, आणि त्याचा अनेक कुटुंबांना खरोखर आधार झाला. मात्र त्या मेंढ्यांचं घर वाहणारं तट्टू आणि त्यांची राखण करणारं कुत्रं यांच्यासाठीही तेवढ्याच आस्थेने काही व्हायला हवं. निदान लस आणि जंताचं औषध घेऊन कुणीतरी घाटाच्या तोंडाशी, ठरलेल्या मुक्कामांवर, कार्तिक-मार्गशीर्षात हजर असावं. वाडे कुठून कधी जातात, हे त्या गावांना पाठ असतं. 2024 मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांची जनावरं पहिल्यांदाच वेगळी मोजायला घेतली, ही आशेची जागा आहे.

वरंध, ताम्हिणी, कुंभार्ली अशा घाटांतून उतरताना आता सगळ्यांत मोठी भीती वाहनांची. धुकं, वळणं, समोरून ट्रक. बायका तट्टांना डोंगराच्या बाजूला ठेवतात आणि स्वतः रस्त्याच्या बाजूने चालतात.

खाली उतरलं, की थंडी सौम्य होते आणि कामं बदलतात. शेतकरी भाताच्या खाचरात मेंढरं बसवून घेतो. लेंडीमुताच्या खताबद्दल भात किंवा पैसे देतो. लांडग्याची जागा बिबट्या घेतो, त्यामुळे कुत्री वाड्याच्या अधिक जवळ बांधावी लागतात. झाडीतल्या गोचिडांपायी तट्टांचे कान, आयाळीखालची मान, शेपटीचं मूळ रोज हात घालून तपासावं लागतं. मांजर मात्र वाड्यासोबत चालत नाही. त्याचा जीव माणसांइतकाच जागेत गुंतलेला असतो आणि रोज मुक्काम बदलणारं घर त्याला मानवत नाही. पण एकाच खाचरात काही दिवस मुक्काम पडला, की शेतकऱ्याच्या घरचं मांजर शेळीच्या धारेच्या वेळी पालाशी येऊन बसतं. त्याच्या वाटणीचं दूध नारळाच्या करवंटीत पडतं. धान्याच्या पोत्यांभोवती उंदीर असतातच, त्यामुळे त्याचं येणं सगळ्यांच्या फायद्याचं.

होळीच्या सुमारास घोड्या माजावर येऊ लागतात. दिवस मोठा झाल्याचाच हा परिणाम. घोडीचा गाभणकाळ सुमारे अकरा महिन्यांचा, म्हणजे आदल्या वर्षी फळलेल्या घोड्या बहुधा कोकणातच किंवा परतीच्या वाटेवर वितात. शिंगरू तास-दोन तासांत पायावर उभं राहतं आणि एक-दोन दिवसांत आईमागे चालू लागतं. त्या घोडीचं ओझं मग दुसऱ्या तट्टांवर वाटून द्यायचं, तिला जास्तीची वैरण द्यायची आणि मुक्कामांमधलं अंतर कमी करायचं. मृग नक्षत्राच्या आत वाडा घाटावर पोचायला हवा, तेव्हा ही जुळवाजुळव चैत्रातच सुरू होते.