‘ॲडव्हर्स’ या शब्दाचा अर्थ व उगम



‘ॲडव्हर्स’ हे इंग्रजी विशेषण सरकारी कागदांत आपणांस वारंवार आढळते. हवामान ॲडव्हर्स, औषधाचा परिणाम ॲडव्हर्स, गोपनीय अहवालातील शेरा ॲडव्हर्स आणि जमिनीवरील कब्जाही ॲडव्हर्स! त्याचा अर्थ ‘वाईट’ असा करून आपण मोकळे होतो. तो अर्थ अपुरा आहे.

शब्द मूळचा लॅटिन. ‘आद्’ म्हणजे कडे आणि ‘वेर्तेरे’ म्हणजे वळविणे. यांवरून ‘आद्वेर्सुस’ म्हणजे आपल्याकडे तोंड करून उभा ठाकलेला, म्हणून विरुद्ध. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. संस्कृत ‘वृत्’ हा धातू ‘वेर्तेरे’चा सगोत्र होय. इंग्रजी ‘व्हर्स’ आणि आपल्या छंदःशास्त्रातील ‘वृत्त’ ही एकाच मुळाची, हे शिक्षकबंधूंनी वर्गात अवश्य सांगावे.

आपला ‘प्रतिकूल’ शब्दही मोठा मार्मिक आहे. कूल म्हणजे नदीचा काठ. काठाला धरून ते अनुकूल, काठाविरुद्ध ते प्रतिकूल. रोमन लोकही प्रवाहाविरुद्ध जाण्यास ‘आद्वेर्सो फ्लूमिने’ म्हणत. दोन्हीकडे नदीच आठवली!

शेतकऱ्यांचा खरा संबंध येतो तो प्रतिकूल कब्जाशी. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार खासगी जमिनीवर कोणी असा कब्जा अखंड १२ वर्षे ठेवला आणि मालकाने दावा लावला नाही, तर मालकाचा हक्कच संपतो. सरकारी जमिनीस ही मुदत ३० वर्षांची आहे. परंतु नुसती वहिवाट म्हणजे प्रतिकूल कब्जा नव्हे. धाकट्या भावास मायेने कसावयास दिलेले शेत संमतीचे असते. चोरून ठेवलेला कब्जाही चालत नाही. मालकाच्या हक्कासमोर उघडपणे उभे राहून ‘हे माझे’ म्हटले पाहिजे. मुदत तेथून सुरू होते. धातूचा अर्थ ध्यानी ठेवला की कायदाही ध्यानी राहतो.

शेऱ्याचेही तसेच. पदोन्नतीस ‘अत्युत्तम’ची अट असता ‘उत्तम’ हा शेरासुद्धा कर्मचाऱ्याच्या वाटेत उभा राहतो. २००८ साली देवदत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ओळखले. शब्द गोड असला तरी परिणाम प्रतिकूल ठरू शकतो, म्हणून केवळ वाईट शेरेच नव्हे, तर प्रत्येक शेरा वाजवी मुदतीत संबंधितास कळविला पाहिजे, असा निर्णय न्यायालयाने दिला.