शक्यतेचे गणित आणि दगडी भिंत



म्हैसूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर कृष्णराजसागराची भिंत कावेरीला अडवून उभी आहे. पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे नावारूपाला आलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या देखरेखीखाली 1911 मध्ये तिचे काम सुरू झाले. दगड, चुना आणि सुरखी हेच तिचे बळ. भूकंपरोधक बांधकामाची पहिली भारतीय मानक संहिता आली 1962 मध्ये, म्हणजे भिंत पुरी होऊन तीस वर्षे लोटल्यावर. पुढे 2002 च्या नकाशात म्हैसूरला दुसरा, म्हणजे सर्वांत सौम्य विभाग मिळाला. एवढ्यावर निर्धास्त व्हावे काय?

दख्खनचे पठार अचल आहे, असे एके काळी मानले जाई. कोयनेच्या भिंतीचा आराखडा आखताना गुरुत्वत्वरणाच्या पाच टक्के एवढाच आडवा धक्का गृहीत धरला होता. जलाशय भरू लागला तसे लहान हादरे जाणवू लागले आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे धरणातील यंत्राने गृहीताच्या जवळपास दसपट धक्का नोंदविला. जिथे भिंतीचा उतार बदलतो तिथे तडे गेले. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दीडशेहून अधिक माणसे गेली. धरण मात्र टिकले. पुढे त्याला काँक्रीटचा आधार देण्यात आला.

एकच ठाम आकडा धरून बसण्यातला हा धोका. योगायोग असा की, लगेच पुढच्या वर्षी, 1968 मध्ये, ॲलिन कॉर्नेल या अमेरिकी अभियंत्याने वेगळी वाट मांडली. भूकंप कोठे होऊ शकतो, किती वेळा, किती मोठा आणि त्याचा धक्का इमारतीपर्यंत पोहोचताना किती उरेल, या प्रत्येक अनिश्चिततेला तिची शक्यता द्यायची आणि सर्वांची बेरीज करायची. त्यातूनच ‘475 वर्षांचा धक्का’ ही संज्ञा रूढ झाली. तिचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. असा धक्का 475 वर्षे वाट पाहून येत नाही. तो कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता 475 त एक असते. पन्नास वर्षांत ती दहा टक्के होते. हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या शाळेच्या साठ वर्षांसाठी हिशेब केला, तर सुमारे बारा टक्के! 474 भागिले 475 या संख्येचा साठावा घात काढून एकातून वजा करावा. लॉगॅरिथमच्या कोष्टकाने कोणीही पडताळून पाहावे.

पण जमीन हलण्याची शक्यता हा अर्धाच हिशेब. तितक्या धक्क्यात तशा शंभर इमारतींपैकी किती कोसळतील आणि कोसळल्या तर खाली कोण असेल, हेही त्यात मिळवावे लागते. धरणाच्या बाबतीत ‘खाली’ म्हणजे नदीकाठची सारी गावे; म्हणूनच मोठ्या धरणांची परीक्षा 475 वर्षांच्या नव्हे, त्याहून कितीतरी दुर्मीळ धक्क्यावर घेतली जाते. जुन्या चुना-सुरखीत आज बळ किती उरले आहे, हे मोजल्याखेरीज कावेरीकाठचा आकडा पुरा होत नाही.

किल्लारीत 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून लोक निजलेले असताना, हजारोंचा जीव गेला. भूकंप सहाच्या थोडा वरचा. त्या मापाचे धक्के जगात दरवर्षी शंभरावर बसतात. माणसे मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली. तो प्रदेश तेव्हा नकाशाच्या पहिल्या, सर्वांत निर्धोक विभागात होता. 2002 मध्ये नकाशा सुधारला तेव्हा तो पहिला विभागच काढून टाकण्यात आला.