छातीतील यंत्र आणि घरातील माणसे



'डीप ब्रेन स्टिम्युलेशन' या उपचाराविषयी आम्ही बोलावे, अशी मंडळाची इच्छा. आम्ही वैद्य नव्हे. आमच्या तीर्थरूपांना कंपवातासाठी हे यंत्र बसविले आहे आणि आम्ही त्यांच्यासमवेत राहतो, एवढाच आमचा अधिकार.

या व्याधीचे वर्णन १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सनने केले. विद्युत्-उपचाराचा आधुनिक मार्ग १९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रनोबल येथे डॉ. बेनाबीद यांनी दाखविला. दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतही ही शस्त्रक्रिया होते. मेंदूच्या खोल भागात बारीक तारा, तेथून कातडीखालून मानेवाटे छातीच्या वरच्या भागी बॅटरीचे यंत्र. बाहेरून दिसतो तो केवळ एक उंचवटा.

"आता बरे झाले ना?" असे सारेच विचारतात. कंप आणि ताठरपणा ओसरला, गोळ्या घटल्या, हातातली कपबशी वाजेनाशी झाली; तथापि व्याधी आपल्या गतीने पुढे जातच असते. प्रवाह किती असावा हे ठरविण्यातच कित्येक महिने जातात, आणि रुग्णापेक्षा घरचेच अधिक उतावीळ होतात.

आवाजाची गोष्ट मात्र निराळी. हात स्थिर झाला तरी आवाज क्षीणच राहिला. प्रवाह वाढविला की शब्द अधिकच अडखळतात. तेव्हा घरालाच वळण लावावे लागले. जेवताना दूरचित्रवाणी बंद. एका वेळी एकानेच बोलायचे. त्यांचे वाक्य आपण पूर्ण करायचे नाही. (मराठी घरात हे पथ्य किती कठीण, हे सांगावयास नकोच!)

मेट्रोच्या फाटकावर धातुशोधक चौकट टाळून, ओळखपत्र दाखवून हातानेच झडती घ्यावयास सांगतो. "छाती में मशीन है" म्हणताच जवान हृदयविकार समजून अदबीने बाजूस घेतो. तो गैरसमज आम्ही दूर करीत नाही. पण व्यायामोपचाराच्या ठिकाणी यंत्राचा उल्लेख प्रथमच करावा. तेथील डायाथर्मीच्या शेकाने तारेची टोके तापून मेंदूस इजा होऊ शकते, प्राणावरही बेतते. एम.आर.आय.देखील यंत्राच्या डॉक्टरांना विचारल्यावाचून नको. आणि बॅटरी संपते, ती बदलण्याचा खर्च आधीपासून बाजूला ठेवावा लागतो.

गणेशोत्सवात त्यांची खुर्ची मोठ्या ध्वनिक्षेपकापासून दूर मांडावी, ही कार्यकर्त्यांना विनंती. आणि त्यांची प्रकृती विचारायची ती त्यांनाच विचारावी, आम्हांला नव्हे. उत्तर यावयास थोडा वेळ लागेल.