मुक्कामाला कॅमेरा कोणता न्यावा?



बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या आपल्या शाहपूरहून सातपुडा जवळच.
उत्तरेला असीरगड किल्ला.
सीमेपलीकडे, महाराष्ट्रात, रावेर तालुक्यातलं पाल, आणि यावलचं अभयारण्य.

थंडीत तंबू घेऊन निघालात,
तर कॅमेरा कोणता न्यावा?

सोपं उत्तर आहे.
जो दिवसभर सहज जवळ बाळगता येईल, तोच कॅमेरा योग्य.

डोंगर, तंबू, सोबतची माणसं...
यांच्यासाठी चांगला मोबाइल पुरतो.

पक्षी टिपायचे आहेत?
मग लांबचं जवळ आणणारा झूम कॅमेरा हवा.

ताऱ्यांचं आकाश हवं?
मग तिपाई हवीच.
शटर काही सेकंद उघडं ठेवता येईल, असा कॅमेरा निवडा.

आता काळजी.

गारठ्यात बॅटरी लवकर उतरते.
जादा बॅटरी आतल्या खिशात, उबेला ठेवा.

गार कॅमेरा उबदार तंबूत आणला, की भिंगावर बाष्प धरतं.
म्हणून तो आधी पिशवीत बंद करा.
मगच आत आणा.

दिवसा फोटोसाठी उत्तम वेळा दोनच.
सूर्योदयानंतरची, आणि सूर्यास्तापूर्वीची.
तेव्हा ऊन तिरपं असतं.
किल्ल्याचा दगड न् दगड उठून दिसतो.

आणि एक विनंती.
जंगलात मुक्कामाआधी वनखात्याची परवानगी घ्या.
प्राण्यांवर फ्लॅश मारू नका.
घरट्याजवळ जाऊ नका.

पुन्हा सांगते.
महागडा नव्हे,
सहज जवळ राहील, तोच कॅमेरा घ्या.