आश्विनातील गोधडी

(वार्षिक मेळाव्यातील महिलांच्या सभेत केलेले भाषण)



चार भिंतींआड सुई चालविणाऱ्या आमच्यासारख्या बाईस चिटणीसांनी व्यासपीठावर का बोलाविले, हे कोडे आम्हांस अजून उलगडलेले नाही. 'आपला रोजचा उद्योग' असा विषय त्यांनी दिला होता. बारा महिन्यांचे बोलत बसलो तर आपण कंटाळाल. म्हणून आम्ही आश्विनाचेच बोलणार आहोत. गोधडीचे वर्ष आमच्या लेखी तेथूनच सुरू होते.

घट बसण्यापूर्वी घरोघरच्या गोधड्या नदीवर धुवावयास निघतात, हे आपणांस ठाऊकच आहे. पावसाळाभर दमटलेले अंथरूण त्या उन्हात खडकांवर पसरले की आम्ही आपली धुणी बाजूस ठेवून काठाने हिंडून येतो. भिजलेली गोधडी काही लपवीत नाही. कोठे टाका उसवला, कोणता रंग उतरला, आतला पदर सरळ न घेतल्यामुळे मध्ये फुगा कसा आला, सारे दिसते. अक्षरावरून माणूस ओळखावा तशी गोधडीवरून शिवणारी ओळखता येते. आमच्या सासूबाईंचा टाका डावीकडे किंचित कललेला असे. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली; परंतु एका शेजारघरची गोधडी दरवर्षी वाळत पडते आणि सासूबाईंचा हात आम्हांस तेथे भेटतो. त्या घरच्या सुनेस मात्र ती कोणी शिवली हे ठाऊक नव्हते.

नदीवर हे चालले असता दुकानात आपल्या पुरुषमंडळींची सुगी असते. दसरा-दिवाळीचे कपडे रात्ररात्र बेतले जातात आणि मशिनीखाली चिंध्यांचा ढीग वाढतो. गावाची दिवाळी गावाच्या आधी आमच्या घरी येते, तीही तुकड्यातुकड्यांनी! हा मास्तरांच्या सदऱ्याचा, हा नव्या नवरीच्या खणाचा, हा कोणा पोराच्या झबल्याचा. दुकान मिटले की आम्ही जावा-जावा दिव्याखाली त्या निवडीत बसतो. रंगांची निवड कोणाकडून शिकलात, असे आम्हांस विचारतात. आमचे गाव मावळात आहे. आश्विनात तेथे भात पिवळे पडू लागते, कारळ्याची शेते फुललेली असतात आणि बांधावर तेरडा जांभळा होऊन उभा असतो. त्या पिवळ्याशेजारी तो जांभळा बांधावर शोभला नसता, तर गोधडीत तसे तुकडे जोडण्याचे धाडस आम्हांस झाले नसते.

मात्र चिंधी नवी असते आणि लुगडे जुने असते, येथे सारी मेख आहे. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि भोवतालच्या जुन्या कापडास ओढून सुरकुत्या पाडते. म्हणून चिंध्या आधी भिजवून, वाळवून मगच हाती घ्याव्यात. नऊवारी लुगडे म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या केल्या की दोन मीटर लांबीचे चार पदर होतात आणि एका माणसाच्या गोधडीचे पोट तयार होते. वरून तुकडे मांडावयाचे आणि कडेपासून धावदोरा घालीत फेऱ्याफेऱ्यांनी आत यावयाचे. घरचे काम सांभाळून महिना-दीड महिना लागतो. घाई केली तर टाके लांबतात, आणि लांब टाक्यात पायाचे बोट अडकते. हा अनुभव लहानपणी प्रत्येकाने घेतला असेल!

आता थोडे कडू बोलतो. १९६० नंतर टेरिलीन, टेरिकॉट आले, तेव्हापासून चिंधीचा कस उतरत गेला. ती घाम टिपत नाही, सुईखाली सरकते. पुढे तयार कपडे आले आणि चिंधीच आटली. आमच्या दुकानी चार मशिनी होत्या. आज एक चालते. सुती लुगडे नेसणाऱ्या म्हाताऱ्याही आता थोड्याच उरल्या. दोन वर्षांपूर्वी शहरातील एका व्यापाऱ्याने बारा गोधड्या मागितल्या. बाराही एकसारख्या हव्यात, कापड तो देणार. आम्ही काम घेतले. खोटे कशास सांगावे, पैसे हवे होते. शिवून दिल्या, पैसेही मिळाले. परंतु त्यांतील एखादी आज समोर आणली, तर ती आमच्या हाताची की जाऊबाईंच्या, हे आम्हांस सांगता येणार नाही.

एक विनंती करून रजा घेतो. आपल्या स्मरणिकेच्या शेवटी कुटुंबांची यादी छापतात. पुरुषांच्या नावापुढे 'शिवणकाम', 'नोकरी' असे असते. आमच्या नावापुढे 'गृहकृत्य'. नामदेवमहाराजांचे नाव सांगणाऱ्या शिंपी समाजात सुई धरणाऱ्या बाईचा धंदा गृहकृत्य कसा, हे चिटणीसांनी सांगावे. येत्या वर्षी आमच्यापुढे 'गोधडी शिवणे' असे छापावे. आणि ज्यांच्या घरी आईचे, सासूचे सुती लुगडे ट्रंकेत पडून असेल, त्यांनी ते बोहारणीला देण्यापूर्वी आमच्याकडे एकदा पाठवावे. थंडी पडण्यास अजून महिना आहे; तेवढ्यात एक होते.